पंचहौदचा चहा : एकोणिसाव्या शतकातले एक ग्रामण्य

जातीचा आचार मोडल्याचा ठपका ठेवून एखाद्याला वाळीत टाकायचे, त्यावरून समाजात तट पडायचे, शास्त्री-पंडितांपुढे वाद चालायचा आणि शेवटी प्रायश्चित्त घेऊन किंवा कायमची फारकत होऊन प्रकरण संपायचे, या साऱ्या खटल्याला ग्रामण्य म्हणत. पेशवाईत अशी ग्रामण्ये वरचेवर झाली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या वेदोक्ताच्या, म्हणजे वैदिक मंत्रांनी संस्कार करण्याच्या, हक्कावरून उठलेले वाद तर पिढ्यान्‌पिढ्या चालले. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये त्यांवर ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ लिहिला. त्या काळी धर्मपीठाच्या निर्णयामागे राजसत्ता उभी असे. दंड, प्रायश्चित्ताची परवानगी, शुद्धीचा दाखला यांत सरकारचा हात असे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे चित्र बदलले. मुंबई सरकारच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी कोर्टांना जातीच्या प्रश्नांपासून दूर ठेवले. बेकायदा कृत्याने कोणाच्या जातीला किंवा अब्रूला धक्का बसला, तर नुकसानभरपाईचा दावा तेवढा चालणार होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली. म्हणजे जातीबाहेर पडलेल्या माणसाची जमीन, नोकरी आणि जीव ही तिन्ही कायद्याने सुरक्षित होती. तरीही पुढच्या पाऊणशे वर्षांत महाराष्ट्रातल्या भल्याभल्या माणसांनी बहिष्कारापुढे मान तुकवली. सरकारी शिक्षेचे भय नसताना लोक का नमले, याचे उत्तर या प्रकरणांच्या तपशिलात सापडते. त्यांतले सर्वांत गाजलेले प्रकरण १८९० साली पुण्यात एका चहापानावरून उभे राहिले.

बहिष्काराची रीत

बहिष्कृत माणसाला कोणी मारहाण करत नसे. त्याच्याकडे येणे तेवढे थांबवत. सोवळ्यातले पाणी भरणारा ब्राह्मण दुसऱ्या दिवसापासून येत नसे, आचारी काम सोडून जाई. न्हावी आणि परीट यांनाही ताकीद मिळे. घरात मुंज किंवा लग्न निघाले की उपाध्याय सापडत नसे. जेवणावळीत पान मांडले जात नसे, आणि मांडलेच तर शेजारची माणसे उठून जात. सर्वांत मोठी अडचण श्राद्धाची. श्राद्धाला ब्राह्मणांना आधी क्षण द्यावा लागतो, म्हणजे जेवायचे आमंत्रण देऊन त्यांची संमती घ्यावी लागते. क्षण घ्यायला कोणी तयार नसेल तर स्वयंपाक होऊनही पितरांचे कार्य घडत नाही. श्रद्धावान घरात भाद्रपदातला पितृपंधरवडा असा गेला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना तो जिवंतपणीच्या कोणत्याही अपमानाहून अधिक लागे.

याला जोड होती संसर्गदोषाच्या कल्पनेची. बहिष्कृताबरोबर जो जेवेल, त्याच्या घरचे कार्य जो करेल, तोही बहिष्कृत. त्यामुळे दोषी एक असला तरी पहारेकरी सगळे गाव होई. बहिष्कार पाळणाऱ्यांत तो मनापासून पटलेले थोडेच असत. बाकीचे, आपण पाळला नाही तर उद्या आपल्या मुलीच्या लग्नाला कोण उभे राहील या विचाराने पाळत. शेजारीही त्याच भीतीने वागत असे, पण हे एकमेकांना उघड विचारण्याची सोय नव्हती. बाहेरून मात्र सगळा समाज एकमताने उभा आहे असे दिसे.

आरंभीच्या चकमकी

१८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्रि या मुलाचे प्रकरण झाले. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता आणि श्रीपत काही काळ मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी कोर्टात जाऊन मुलगा परत मिळवला, पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मणांत उभे दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक आणि पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक असूनही त्यांना स्वजातीयांचा रोष चुकला नाही.

पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. विरोधकांनी जोतीरावांपेक्षा त्यांच्या वडिलांवर जोर लावला. गोविंदराव फुले फुलांचा धंदा करणारे, चार लोकांत मिळूनमिसळून राहणारे गृहस्थ होते. मुलगा आणि सून शाळा सोडणार नसतील तर त्यांना घरात ठेवू नये, असा आग्रह त्यांच्याकडे धरला गेला. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घर सोडावे लागले. जोतीराव बधत नव्हते, म्हणून लोकांनी बापाला गाठले. आडवाटेने घाव घालण्याची ही रीत पुढच्या प्रत्येक प्रकरणात दिसते.

त्याच वर्षी मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे प्रमुख. जातिभेद मोडणे हा सभेचा हेतू होता आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभेचे कामकाज गुप्त चाले. संख्या पुरेशी वाढली की उघडपणे पुढे यायचे, असा बेत होता. सभासदांत शिक्षक, कारकून, वैद्यकीचे विद्यार्थी असे नवशिक्षित तरुण होते. दिवसा जातीचे सगळे आचार पाळायचे आणि बैठकीत ते मोडायचे, असा त्यांचा क्रम दहा-अकरा वर्षे चालला. १८६० मध्ये सभेचे कागद चोरीला गेले आणि सभासदांची नावे बाहेर फुटली. आपले नाव यादीत आहे हे कळताच एकेक जण अंग काढून घेऊ लागला आणि सभा मोडली. इतकी वर्षे जातिबंधन मोडत आलेली ही माणसे होती. त्यांच्या मतांत एका रात्रीत फरक पडला नव्हता. ती मते आपली म्हणून चारचौघांत ओळखली जाण्याची तयारी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

हा धडा सुधारकांनी चांगलाच लक्षात ठेवला. ३१ मार्च १८६७ रोजी आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला, तेव्हा एकेश्वराची उपासना उघडपणे करायची, पण जात सोडण्याची अट सभासदांवर घालायची नाही, असे धोरण ठेवले गेले.

सात जणांवरचा बहिष्कार

१८५६ च्या कायद्याने विधवांचा पुनर्विवाह वैध झाला होता, पण महाराष्ट्रातल्या उच्चवर्णीयांत असे लग्न करायला कोणी धजत नव्हते. ‘इंदुप्रकाश’चे मराठी संपादक विष्णुशास्त्री पंडित यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे पुस्तक मराठीत आणले आणि मुंबईत पुनर्विवाहाचा पुरस्कार करणारी मंडळी उभी केली. १५ जून १८६९ रोजी मुंबईत पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांचा पुनर्विवाह लागला.

शंकराचार्यांच्या आज्ञेने पुढाकार घेणाऱ्या सात जणांवर बहिष्कार पडला. त्यांत विष्णुशास्त्री होते, लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख होते आणि सत्तावीस वर्षांचे महादेव गोविंद रानडेही होते. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे दोन्ही पक्षांचा शास्त्रार्थ झाला. दोन्हीकडून सारखेच पंच नेमले होते, तरीही निकाल पुनर्विवाहाच्या विरुद्ध लागला.

विष्णुशास्त्र्यांनी माघार घेतली नाही. १८७४ मध्ये त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि १८७६ मध्ये त्यांचे निधन झाले. लोकहितवादींनी पुढे घरच्या अडचणीपायी प्रायश्चित्त घेतले. ‘शतपत्रां’तून ज्यांनी १८४८ पासून भटशाहीवर कोरडे ओढले, त्यांनीच असे करावे याचे तरुण सुधारकांना फार वाईट वाटले.

रानड्यांची कसोटी १८७३ मध्ये लागली. ऑक्टोबरात त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आता विधवेशीच लग्न करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि वडील गोविंदरावांना भीतीही तीच होती. मित्रमंडळींनी मुलाचे मन वळवण्याआधी लग्न उरकून टाकायचे, असे त्यांनी ठरवले. मुलाने ऐकले नाही तर आपण त्याच्याशी संबंध तोडू, इथपर्यंत त्यांनी निर्वाणीची भाषा केली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, चांगल्या हुद्द्यावरचे न्यायाधिकारी होते. बापाचे मन मोडणे त्यांना जमले नाही. डिसेंबरात अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले. त्यांनी तिला शिकवले, पुढे ती सेवासदनाची आधारस्तंभ झाली. पण १८७३ चा हा विवाह त्यांच्या टीकाकारांना आयुष्यभर पुरला.

चहापान

१८९० पर्यंत पुण्यातले वातावरण तापले होते. बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध सुरू केलेली चळवळ संमतिवयाच्या विधेयकापर्यंत येऊन ठेपली होती. टिळक आणि आगरकर यांची फारकत होऊन आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ पासून वेगळा निघत होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईहून पुण्याला यायच्या बेतात होते. मिशनऱ्यांशी कोणाचा किती संबंध आहे, याकडे सनातनी मंडळींचे बारीक लक्ष होते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या वेताळ पेठेतल्या, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतल्या, पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाचे निमंत्रण शहरातल्या प्रतिष्ठितांना गेले. यामागे गोपाळराव जोशी होते. डॉ. आनंदीबाई जोश्यांचे हे पती विक्षिप्त स्वभावाबद्दल आणि वाटेल त्याची फजिती करण्याच्या हौसेबद्दल प्रसिद्ध होते. निमंत्रितांत रानडे, टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले होते. वकील, प्राध्यापक, सरकारी नोकर अशी इतर मंडळीही होती.

व्याख्यान झाल्यावर मिशनच्या बायकांनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. चहा तेव्हा पुण्याच्या घरांत नुकता शिरत होता आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत पाण्याला होती, कारण ते ख्रिस्ती हातांनी उकळलेले होते. बिस्किटे ख्रिस्त्यांची, म्हणजे त्यांची गत तीच. पुढे आलेला पेला नाकारला तर यजमानांचा अपमान होतो आणि ओठाला लावला तर जात जाते, असा पेच होता. काहींनी चहा घेतला. काहींनी पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला. काहींनी हातही लावला नाही. कोण काय करतो याकडे प्रत्येकाचे लक्ष होते आणि आपल्याकडेही सगळे पाहत आहेत, हे प्रत्येकाला कळत होते.

मंडळी घरोघर गेली. गोष्ट तिथेच राहिली असती, कारण त्या काळातल्या अनेक शिकलेल्या माणसांनी याहून मोठे आचारभंग आडपडद्याने केले होते आणि पुण्याला ते ऐकून माहीत होते. गोपाळरावांनी मात्र हजर असलेल्या चाळीसहून अधिक जणांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली. परमहंस सभेची यादी चोरीतून फुटली होती, ही वर्तमानपत्रातून फुटली. परिणाम दोन्हींचा सारखाच. डोळेझाक करून चालणारी गोष्ट एकदा छापून आली की तिची दखल घेणे भाग पडते. दखल न घेणाऱ्यावर तो सामील असल्याचा संशय येतो.

दोन वर्षांचा खटला

सरदार बाळासाहेब नातू यांच्या पुढाकाराने सनातनी पक्षाने प्रकरण शंकराचार्यांकडे नेले. चहा पिणाऱ्यांशी व्यवहार करायचा की नाही यावरून पुण्यात घराघरांत वाद सुरू झाले. संमतिवयाच्या विधेयकाला विरोध करताना टिळक आणि नातू एका बाजूला होते, ग्रामण्यात ते समोरासमोर आले. विधेयक मार्च १८९१ मध्ये मंजूर झाले तरी ग्रामण्य मिटले नव्हते.

शंकराचार्यांनी चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे मंडळ पुण्याला पाठवले. १८९२ मध्ये त्यांच्यापुढे रीतसर सुनावणी झाली. आरोपींत सरकारी न्यायाधीश होते, वकील होते आणि ‘केसरी’चे संपादकही होते. ब्रिटिश कोर्टात उलटतपासणी घेण्याचा सराव असलेली ही माणसे आता आपण पेला उचलला की प्यायलो, याची उत्तरे शास्त्र्यांना देत होती. ज्यांनी नुसता पेला हाती धरला त्यांचा दोष वेगळा, ज्यांनी प्राशन केले त्यांचा वेगळा, अशी वर्गवारी झाली आणि त्याप्रमाणे प्रायश्चित्ते ठरली.

टिळकांनी धर्मपीठाचा अधिकार नाकारला नाही. त्यांनी शास्त्राच्याच आधाराने बाजू मांडली. अशा दोषाला शास्त्रात जड प्रायश्चित्त नाही आणि काशीच्या यात्रेत आपण सर्वप्रायश्चित्त घेतलेलेच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांचे त्याने समाधान झाले नाही. टिळकांच्या घरच्या धर्मकार्यांना भटजी मिळण्याची काही काळ पंचाईत झाली. तरीही समाजाच्या चौकटीत राहूनच भांडायचे, हा त्यांचा पवित्रा बदलला नाही. चौकटीबाहेर पडलेल्याचे ऐकायला कोणी उरत नाही, हे ते जाणून होते.

रानड्यांची स्थिती निराळी होती. १८६९ चा बहिष्कार त्यांनी सोसलेला होता. ते शेतकऱ्यांच्या कर्जनिवारण कायद्याखालचे विशेष न्यायाधीश होते, पगार मोठा होता आणि आपल्यापुरते बहिष्कृत राहायला त्यांना अडचण नव्हती. अडचण यादीतल्या इतरांची होती. कोणाची बहीण माहेरी येऊ शकत नव्हती, कोणाच्या मुलीला सासरचे पाठवत नव्हते, कोणाचे म्हातारे वडील मुलाच्या पंक्तीला बसेनात आणि मुलाला घराबाहेरही काढवेना. त्यांना प्रायश्चित्त घ्यायचे होते, पण रानड्यांनी घेतल्याशिवाय आपण घेतले तर सुधारकपक्षात आपणच भित्रे ठरू, हाही धाक होता. म्हणजे त्यांच्यावर दोन बाजूंनी ओढ होती, एक जातीची आणि दुसरी सुधारक मित्रांची. रानडे पुढे झाले तर दुसरी सुटत होती.

लोणावळ्याला मुक्कामी असलेले रानडे मित्रांच्या आग्रहावरून पुण्याला आले आणि प्रायश्चित्त घेऊन परत गेले. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. त्यांना स्वतःला हे पटले नव्हते. आपण केले ते चूक वाटत नसताना इतके थोर मन का वाकले, याचे कोडे त्यांना पडले होते. रानड्यांच्या लेखी प्रायश्चित्ताला धार्मिक अर्थ नव्हता. मित्रांच्या घरांतला कलह त्याने मिटत असेल, तर ती किंमत आपण द्यावी, असा त्यांचा हिशेब होता. बाहेरच्या जगाने तो हिशेब पाहिला नाही. सुधारकांचा सर्वांत मोठा नेता शास्त्र्यांपुढे वाकला, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. ज्यांनी ठाम राहायचे ठरवले होते, त्यांचाही पाय त्यामुळे डळमळला.

पुण्याबाहेर

हे ग्रामण्य चालू असताना आणि त्यानंतर लगेच अशीच काही प्रकरणे घडली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला आणि त्यांनी त्याची किंमत मोजली. उलट मुंबईचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे संमतिवयाच्या कायद्याचे समर्थक असूनही, घरच्या मंडळींच्या आग्रहापुढे नमून त्यांनी १८९३ मध्ये आपल्या मुलीचे लग्न बालवयातच होऊ दिले. हायकोर्टाचा न्यायाधीश आपल्या माजघरात हरला.

११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या शारदासदनात शिकत होत्या आणि कर्व्यांच्या मित्राची बहीण होत्या. फर्ग्युसन कॉलेजातल्या कर्व्यांची नोकरी टिकली. पुण्यासारख्या शहरात भाड्याची खोली मिळाली, चार सुधारक मित्र घरी येत राहिले. कोकणात दापोली तालुक्यातल्या मुरूड या त्यांच्या गावी मात्र सगळा गाव बसला. कर्व्यांशी कोणी व्यवहार ठेवू नये आणि ते भावाच्या घरी उतरले तर त्या घरालाही वाळीत टाकावे, असे ठरले. गावी गेल्यावर आई आणि बहीण यांच्यापासून त्यांना वेगळे राहावे लागे. आईला मुलाला जेवू घालायचे होते. घातले असते तर गावात राहणाऱ्या थोरल्या भावाच्या संसारावर त्याची झळ आली असती. हे दुःख कर्व्यांनी ‘आत्मवृत्ता’त फारसा आव न आणता सांगितले आहे.

कर्व्यांनी १८९३ च्या अखेरीस काढलेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे नाव पुढे ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे झाले. लग्नाला उत्तेजन देण्यापेक्षा लग्न करू पाहणाऱ्याच्या वाटेतला अडथळा दूर करणे महत्त्वाचे, हे अनुभवाने कळले होते. तयारी असलेली माणसे होती. लग्नानंतर त्यांच्या पंगतीला बसणारी माणसे हवी होती.

दबाव कसा काम करतो

या प्रकरणांत तीन गोष्टी सारख्या दिसतात. पहिली म्हणजे दबाव कृतीवर थोडा आणि कृतीच्या उघडपणावर फार होता. चोरून खाल्लेला पाव चालत होता, छापलेले नाव चालत नव्हते. दुसरी, दबाव थेट माणसावर येण्याऐवजी त्याच्या सर्वांत हळव्या नात्यांतून येई. जोतीरावांचा बाप, रानड्यांचे वडील आणि मित्र, कर्व्यांची आई हे सगळे प्रेमाचे लोक होते आणि म्हणूनच त्यांच्या मार्फत आलेला दबाव झुगारता येत नसे. तिसरी, सोबतीला कोणी उभे राहिले तर माणूस टिकतो आणि तो सोबती खचला तर एकट्याहून लवकर पडतो.

सहा दशकांनी अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत यांतल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेत दिसून आल्या. रेषांची लांबी ओळखण्याच्या सोप्या कामात बाकी सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत असताना, खऱ्या परीक्षार्थींच्या सुमारे एक तृतीयांश उत्तरांनी त्या बहुमताची री ओढली. साधारण पाऊणशे टक्के लोक निदान एकदा तरी वाकले. एक जरी माणूस खरे उत्तर देणारा निघाला, तरी वाकणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर गुपचूप लिहायचे असले तरीही ते उतरले. ॲशच्या खोलीत बाहेर पडल्यावर पुन्हा न भेटणारी माणसे होती आणि चुकीच्या उत्तराची किंमत क्षणभराचा संकोच एवढीच होती. पुण्याच्या यादीतल्या माणसाला त्याच गल्लीत, त्याच विहिरीवर, त्याच सोयरिकीत उरलेला जन्म काढायचा होता.

बहिष्काराची शक्ती त्या माणसाच्या गरजा कोण पुरवतो यावरही अवलंबून होती. शहरात नळाचे पाणी आले, पगारी आचारी आणि खाणावळी आल्या, रेल्वेने बदलीच्या गावी नवे शेजार मिळाले, तसे ब्राह्मण सुधारकांवरचे बहिष्कार बोथट होत गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्यात हॉटेलांत चहा पिणाऱ्यांच्या याद्या करायच्या तर शहराचीच यादी करावी लागली असती. गावात मात्र यातले काहीच आले नव्हते.

जीवनाधार तोडणारा बहिष्कार

गावगाड्यात ज्यांच्या हाती जमीन नव्हती, त्यांच्यावरचा बहिष्कार भटजी न येण्यापुरता थांबत नसे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतल्यावर अनेक ठिकाणी त्यांच्या विरोधात हे हत्यार काढले गेले. दुकानदार मीठ-तेल विकत नसे, शेतावर काम मिळत नसे, गावच्या रस्त्याने जाणे बंद होई. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध सामाजिक बहिष्कार किती परिणामकारकपणे वापरला जातो, याची नोंद समितीच्या अहवालात आहे. मारहाणीवर निदान फौजदारी तक्रार करता येते. माल न विकण्याच्या आणि कामावर न बोलावण्याच्या विरोधात कोणत्या कलमाखाली जायचे, हा प्रश्न होता. म्हणून गोलमेज परिषदेपुढे मांडलेल्या मागण्यांत आंबेडकरांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, असे म्हटले आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संप्रदायाच्या घटनादत्त हक्काच्या आधारे तो बहुमताने रद्द केला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ महाराष्ट्रात बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा नव्हता. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम हाती घेतली. रायगड आणि इतर जिल्ह्यांतल्या गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी पुढे आल्या. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धार्मिक विधींना अडथळा आणणे, समाजाच्या कार्यक्रमांतून वगळणे, संबंध तोडायला इतरांना भाग पाडणे अशा कृत्यांची त्यात गणना आहे.

बैठक बोलावणारे, ठराव करणारे आणि दंड आकारणारे पंच या कायद्याच्या कक्षेत येतात. १८२७ च्या रेग्युलेशनने राज्याने ज्या क्षेत्रातून अंग काढून घेतले होते, त्यात ते सुमारे १९० वर्षांनी परत शिरले. पंचांचा ठराव नसताना, केवळ आपले नाव त्या घराशी जोडले जाऊ नये म्हणून एखादा शेजारी आमंत्रण घेत नाही, तेव्हा मात्र कोणते कलम लावायचे, हा प्रश्न कायद्याला आजही सोडवता येत नाही. तिथे उपाय कर्व्यांच्या मंडळीने शोधला तोच राहतो : बहिष्कृताच्या पंगतीला उघडपणे जाऊन बसणारी काही माणसे आधी हवीत.